मोडका कान

दहावी ब. शेवटचा तास. भिंतीला जुलैची ओल.
फळ्यावर लिहिलं: उत्क्रांती.
खडू 'त्क्रां'वर मोडला, दरवर्षीसारखा.

पहिल्या बाकावरून सुकुमार हेरवाडे:
"बाई, मग आत्ताची माकडं माणूस का हुईनात?"
तू तुझा चुलतभाऊ का होत नाहीस?
वर्ग हसला. तो नाही हसला,
विचार करून म्हणाला,
"त्याचं तरी काय चांगलं चाललंय."

मग प्रयाग चिखलीचा संगम काढला.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
म्हटलं, ही नदी आता उलटी वाचा,
कोल्हापुराकडनं वर,
एक पात्र फुटत फुटत जाताना.
या टोकाला आपण, त्या टोकाला वानर,
तिकडं दाजीपूरचा गवा,
आणि लई लांब, पार वरच्या ओढ्याला,
भाकरीवर येते ती बुरशी.
कुणी कुणाच्या पुढं नाही. सगळी टोकंच.

"माकडहाड कुठं असतं, बाई?"
तुम्ही बसलाय त्यावरच.
चाळीस पोरं एकदम सावरून बसली.

अफसाना मुजावर जयंती नाल्याकाठी राहते.
"आमच्याकडचे डास कॉइलला सरावलेत."
एकही सरावला नाही, म्हटलं.
बहुतेक मेले.
थोडे जन्मतःच जरा निराळे होते,
का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
धूर त्यांना बाधला नाही
आणि आता तुमच्या बादलीत आहेत ती त्यांचीच अंडी.
"म्हंजे शिकलं कुणीच नाही?"
नाही. उरले.
इथं माझा आवाज दरवेळी खाली जातो.
मेलेल्यांना पाच मार्कांच्या उत्तरात
जागा नसते.

मागच्या बाकावर इंद्रजित साळोखे.
पहाटे चारला तालीम, म्हणून माझ्या तासाला पेंगतो,
मानेवर ताक-हळदीचा आंबूस वास.
त्या दिवशी जागा होता.
"पणजा, आजा, बाप, समद्यांचे कान मोडलेले.
फुगून भज्यागत.
मग माझं सरळ कसं?"

जिराफाचं चित्र मी डस्टरनं पुसून टाकलं.
इतकी वर्षं त्याची मान ओढत होते
आणि उदाहरण गल्लीच्या टोकाला
शड्डू ठोकत होतं.

चार पिढ्या, म्हटलं, कान मातीत घासले,
तरी घरात आलेलं प्रत्येक बाळ
कोरे कान घेऊन आलं.
माती कानात शिरते. बीजात नाही.

त्यानं कान चाचपला.
"म्हंजे मला पयल्यापासनं?"
व्हय. पहिल्यापासून.
घंटा झाली. दप्तरं उठली. तो बसून होता.

पालकसभेला त्याचा बाप आला.
बाकात मावेना, उभाच राहिला,
हात पाठीमागं बांधून, एखाद्या शिक्षा झालेल्या पोरासारखा.
मार्कांचं विचारलंच नाही.
"पोरगं म्हणतंय, माझा कान माझ्यापाशीच संपला.
खरं हाय?"
खरं आहे, म्हटलं.
"दोन हजार बैठका मारत हुतो रोज.
त्यातलं कायच गेलं नाही त्याच्याकडं?"

सोपं उत्तर माझ्याकडं होतं:
पहाटे चारला तुम्हीच उठवता की त्याला.
पण ते जीवशास्त्रात बसत नव्हतं
आणि हा माणूस जीवशास्त्र विचारत होता.

म्हणून म्हटलं, जरा खाली वाका.
इंद्रजित, तूही ये इकडं.
एक कान मोडून गोळा झालेला,
घड्या मिटलेल्या, कडक, जुन्या चपलेसारखा;
एक पंधरा वर्षांचा, पातळ,
खिडकीच्या उजेडात लालसर.
दोन्हींच्या खाली
पाळी गालाला चिकटलेली. तशीच. तिथंच.

ही बघा, म्हटलं.

बापानं आधी स्वतःची चाचपली,
मग पोराची,
जाड बोटांच्या चिमटीत धरून,
पीठ चांगलं मळलंय का बघावं तशी.
"सोडा की ओ, बाबा," तो म्हणाला,
"पोरी बघायल्यात."